‘चिवटपणा’चे मोजमाप : मृदू जेलांच्या परिभाषेची चिकित्सा

मऊ वस्तू सहज फाटते आणि कठीण वस्तू सहसा तुटत नाही, असा एक समज मराठीतील शास्त्रविषयक लेखनात पुष्कळदा गृहीत धरलेला आढळतो. हा समज चुकीचा आहे, एवढे म्हणून भागत नाही. तो बोलभाषेतून आलेला नसून परिभाषेतून आलेला आहे, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. पुसदच्या बाजारातून पापड घरी नेणाऱ्या गृहिणीला कडक वस्तू ठिसूळ असते हे कोणी शिकवावे लागत नाही. आणि मऊ असूनही ओढताना तुटत नाही अशा पोळीला ती ‘चिवट’ म्हणते, ‘कठीण’ म्हणत नाही. जो भेद बोलीला ठाऊक आहे तो परिभाषेत शिरताना का हरवतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. त्यासाठी मृदू जेलांचे उदाहरण घेण्याचे कारण असे, की लोखंड वा पोलाद यांच्या बाबतीत ‘कठीण’, ‘मजबूत’ आणि ‘चिवट’ या शब्दांची सरमिसळ बरीच खपून जाते. जेलाच्या बाबतीत ती खपत नाही. तेथे शब्द चुकला की मोजमापच चुकते.

जेल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या जागोजागी एकमेकींत गुंतून एक जाळे तयार होते, आणि त्या जाळ्यात पाणी अथवा दुसरा एखादा द्रव अडकून राहतो. वजनाच्या शंभर भागांत नव्वद भाग पाणी असूनही असा पदार्थ वाहत नाही. आपला आकार धरून राहतो. घट्ट लागलेले दही, खरवस, जिलेटिनची जेली, प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी वापरतात ते अगर, डोळ्यावर बसविण्याची मऊ भिंगे, ही सर्व या एकाच कुळातील होत. मराठीत ‘जेल’ या शब्दाला तुरुंगाचाही अर्थ आहे, याबद्दल परिभाषाकारांनी वेळोवेळी नापसंती दाखविली तरी पाण्याला कोंडून ठेवणाऱ्या जाळ्यास तो अगदीच विसंगत नाही.

विदर्भातील स्वयंपाकघरांत या कुळाचा एक फार बोलका प्रतिनिधी आहे. तो म्हणजे पातोडी. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन सोडून, गोळा कढईच्या कडा सोडीपर्यंत ते घोटावयाचे. तेल लावलेल्या ताटात थापावयाचे. निवल्यावर शंकरपाळ्यासारख्या वड्या कापून त्या झणझणीत रश्श्यात सोडावयाच्या, ही तिची कृती. पिठातील पिष्ट आणि प्रथिने पाणी शोषून फुगतात व निवताना जाळे धरतात, म्हणजे पातोडी हे एक जेलच आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पुसद–दिग्रस–उमरखेड या टापूत, ती सणासुदीपुरती नव्हे तर पाहुणा आला की होणारी वस्तू आहे. येथे तिची परीक्षा महत्त्वाची. करणारी प्रथम वडी बोटाने दाबून पाहते. मग एक वडी उचलून किंचित वाकविते. शेवटची परीक्षा रश्श्याची: उकळी लागली तरी वडीच्या कडा विरता कामा नयेत. या तीन परीक्षांची उत्तरे एकच येतात असे नाही. दाबल्यावर छान घट्ट लागलेली वडी वाकविताच मधोमध तडकते, आणि बोटाखाली लिबलिबीत वाटलेली दुसरी एखादी वडी दुमडली तरी मोडत नाही. आणखी एक निरीक्षण अनुभवी हातांना परिचयाचे आहे. कापताना सुरी घसरून वडीच्या कडेला चीर पडली, तर उचलताना वडी नेमकी तेथूनच फाटते. शेजारची, तितकीच मऊ पण अखंड कडेची वडी सुखरूप रश्श्यात उतरते. या चिरेकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे. कारण चिवटपणाच्या आधुनिक मोजमापाचे सर्व रहस्य त्या चिरेत आहे.

प्रथम भाषेची बाजू पाहू. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीवरून ठरविण्याची सवय मराठी अभ्यासकांना जडलेली आहे. परंतु शब्दाचे मोल शेजारच्या शब्दांशी असलेल्या त्याच्या विरोधावरून ठरते, हे सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाशास्त्रात मान्य झालेले तत्त्व आहे. विरोध तपासण्याचे एक साधे साधन म्हणजे ‘पण’ हे उभयान्वयी अव्यय. ‘भाकरी मऊ आहे, पण चिवट आहे’ हे वाक्य मराठी माणूस निःशंकपणे स्वीकारतो. ‘पापड कडक आहे, पण ठिसूळ आहे’ हेही स्वीकारतो. ‘फांदी चिवट आहे, पण ठिसूळ आहे’ असे म्हटले तर मात्र ऐकणारा थांबतो आणि बोलणाऱ्याची काही चूक झाली असे समजतो. यावरून निष्पन्न होते ते असे: ‘मऊ’चा विरोध ‘कडक’, ‘टणक’, ‘घट्ट’ यांच्याशी आहे, ‘चिवट’चा विरोध ‘ठिसूळ’शी आहे, आणि हे दोन विरोध परस्परांपासून स्वतंत्र आहेत. एका अक्षावर पदार्थाचे स्थान कळले म्हणजे दुसऱ्यावरचे कळते असे नाही. बोलीने येथे दोन अक्षांचा आलेख काढून ठेवलेला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच क्षेत्रातील आणखी काही शब्द तपासण्यासारखे आहेत. ‘वातड’ हा शब्द चिवटाच्या जवळचा. पण तो दोष दाखवितो आणि बहुधा खाद्यपदार्थांपुरताच वापरला जातो. हवा लागलेला पापड वातड होतो. त्याचा ठिसूळपणा गेला, ही गोष्ट खाणाऱ्याला गुणाची वाटत नाही. ‘चिकट’ हा शब्द नादाने ‘चिवट’च्या जवळ असला तरी अर्थाने निराळ्या क्षेत्रातला आहे. चिकट वस्तू दुसऱ्या वस्तूला धरते, चिवट वस्तू स्वतःला धरते. माणसाच्या संदर्भात चिकट म्हणजे कंजूष आणि चिवट म्हणजे सहजी हार न मानणारा, हा भेद तर शाळकरी मुलासही अवगत असतो. ‘चिवट’ला निश्चित असा गुणदोषाचा रंग नाही. चिवट लाकूड व चिवट झुंज प्रशंसेचे, चिवट खोकला व चिवट मटण तक्रारीचे. पारिभाषिक संज्ञेला अशी तटस्थता उपकारकच असते.

आता पदार्थविज्ञानाकडे. एखादी पट्टी दोन्ही टोकांना धरून हळूहळू ताणली आणि लागणारे बल व झालेली वाढ यांचा आलेख काढला, तर त्या आलेखातून तीन वेगवेगळ्या गोष्टी वाचता येतात. आरंभीचा चढ किती तीव्र आहे, यावरून पट्टी ताणास किती विरोध करते ते कळते. इंग्रजीत त्यास ‘स्टिफनेस’ म्हणतात. पट्टी तुटण्यापूर्वी आलेख किती उंच गेला, यावरून तिने जास्तीत जास्त किती बल सोसले ते कळते, ही ‘स्ट्रेंग्थ’. आणि तुटेपर्यंत आलेखाखाली किती क्षेत्रफळ साचले, यावरून तिला तोडण्यासाठी किती काम करावे लागले ते कळते. ‘टफनेस’ची कल्पना या कामाशी निगडित आहे. पापडाचा आलेख एकदम उभा चढतो व लगेच संपतो. रबराचा आलेख आडवा पसरत दूरवर जातो. चढ पापडाचा मोठा, क्षेत्रफळ रबराचे मोठे. मराठी लेखनात या तिन्हींसाठी ‘मजबुती’, ‘बळकटी’, ‘कणखरपणा’, ‘टणकपणा’ हे शब्द आलटून पालटून योजलेले दिसतात, आणि शैलीच्या दृष्टीने पुनरुक्ती टाळली म्हणून लेखक समाधान पावतो. ललित लेखनात जो गुण, तो येथे अपराध ठरतो.

या सरमिसळीचे सारे खापर मराठीवर फोडणे मात्र न्यायाचे होणार नाही. मूळ इंग्रजी संज्ञाही निर्दोष नाहीत, आणि जेलांच्या व्यवहारात तर त्या विशेषच सदोष आहेत. जिलेटिनच्या व्यापारात ‘जेल स्ट्रेंग्थ’ हा आकडा सर्वत्र चालतो. तो ऑस्कर ब्लूम याने शोधलेल्या उपकरणावरून ठरतो. त्या उपकरणाचे पेटंट १९२५ सालचे आहे. ६.६७ टक्के जिलेटिनचा द्राव १० अंश सेल्सियस तापमानात सुमारे १७ तास ठेवून गोठवावयाचा, आणि १२.७ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या त्याच्या पृष्ठभागात ४ मिलिमीटर खोल दाबण्यास किती ग्रॅम वजन लागते ते पाहावयाचे. तो त्या जिलेटिनचा ब्लूम-अंक. या कृतीत जेल तुटत नाही, तुटावे अशी अपेक्षाही नाही. म्हणजे नावात ‘स्ट्रेंग्थ’ असली तरी मोजला जातो तो ताठपणा. पातोडीच्या तीन परीक्षांपैकी ही पहिली, बोटाची परीक्षा. फक्त बोटाच्या जागी दट्ट्या आला.

अगरच्या व्यापारात हेच नाव निराळ्या वस्तूला दिलेले आहे. जपानी पद्धतीप्रमाणे १.५ टक्के अगरचे जेल एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर २० सेकंदपर्यंत न फुटता जेवढे वजन पेलू शकते, ती त्याची ‘जेल स्ट्रेंग्थ’. येथे खरोखरच भंग गाठला जातो. म्हणून हा आकडा ब्लूमच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणे निरर्थक होय. मुरंब्याच्या व जॅमच्या धंद्यात वापरल्या जाणाऱ्या पेक्टिनची प्रत ठरविण्याची तिसरीच रीत १९५९ साली प्रमाण मानली गेली. प्रमाणित पेल्यात लावलेली जेली उपडी करून दोन मिनिटांनी ती स्वतःच्याच भाराने किती टक्के खचली ते पाहावयाचे; २३.५ टक्के खचणे हे प्रमाण. ही परीक्षा दिसावयास घरगुती असली तरी तिचा एक गुण मान्य केला पाहिजे: ती आपण ‘खचणे’ मोजते असे सरळ सांगते आणि ‘बळ’ मोजल्याचा आव आणत नाही. तिन्ही परीक्षांपैकी नावाच्या बाबतीत हीच सर्वांत प्रामाणिक.

अशा स्थितीत ‘जेल स्ट्रेंग्थ’चे ‘जेलबल’ वा ‘जेलसामर्थ्य’ असे भाषांतर करणारा मराठी लेखक मूळ चूक इमानाने मराठीत आणतो. ब्लूमच्या आकड्यास मराठीत ‘ब्लूम-ताठपणा’ म्हटले तर मूळ शब्दाशी बेइमानी होईल, पण वस्तूशी इमान राहील. परिभाषाकाराने शब्दाचे भाषांतर करावयाचे की वस्तूचे, हा प्रश्न येथे काठावर बसून सोडविता येत नाही. जेथे मूळ संज्ञाच वस्तूशी विसंवादी आहे, तेथे वस्तूची बाजू घेणे हेच भाषांतरकाराचे काम होय.

आता त्या चिरेकडे वळू. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे चिवटपणा, असे म्हणून थांबता येत नाही. पट्टी अखंड असेल तर एक आकडा येतो, तिच्या कडेला बारीकशी चीर असेल तर दुसराच येतो, आणि प्रत्यक्ष वस्तूत चिरा असतातच. १९२० च्या सुमारास ग्रिफिथ याने काचेच्या संदर्भात हे दाखवून दिले, की वस्तूचे तुटणे हा तिच्यातील फटीच्या वाढीचा प्रश्न आहे. फट पुढे सरकताना नवे पृष्ठ निर्माण होते आणि त्या पृष्ठाची किंमत ऊर्जेच्या रूपाने मोजावी लागते. रबरासारख्या खूप ताणल्या जाणाऱ्या पदार्थाला हा विचार रिव्हलिन व थॉमस यांनी १९५३ मध्ये लागू केला. त्यांच्या रीतीने चिवटपणा म्हणजे फट एक चौरस मीटरने वाढविण्यास लागणारी ऊर्जा. तिचे एकक ज्यूल प्रति चौरस मीटर. अखंड पट्टीच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ हे मात्र ज्यूल प्रति घनमीटर या एककात येते. एक राशी क्षेत्रफळावर, दुसरी घनफळावर. तरीही दोहोंना ‘टफनेस’ हेच नाव देण्याचा प्रघात इंग्रजी लेखनात आहे. विद्यार्थ्याने एकक पाहिल्याशिवाय या शब्दावर विश्वास ठेवू नये.

रिव्हलिन व थॉमस यांची कृती सोपी व सुंदर आहे. उंचीने कमी पण रुंदीने पुष्कळ अशा दोन सारख्या पट्ट्या घ्यावयाच्या आणि त्यांच्या लांब कडा वर व खाली पकडीत घट्ट धरावयाच्या. एक पट्टी अखंड, दुसरीच्या बाजूस लांब चीर दिलेली. चीर दिलेली पट्टी ताणीत जाऊन चीर धावू लागते तो क्षण टिपावयाचा. तितक्याच ताणाला अखंड पट्टीच्या दर घनमीटरात किती ऊर्जा साठली होती ते तिच्या आलेखावरून काढावयाचे, आणि त्या आकड्यास पट्टीच्या मूळ उंचीने गुणावयाचे. समजा उंची १० मिलिमीटर आहे आणि साठलेली ऊर्जा दर घनमीटरला १,००० ज्यूल आहे. तर चिवटपणा १० ज्यूल प्रति चौरस मीटर. हा आकडा किती लहान आहे याची कल्पना अशी येईल: एक किलोग्रॅमची पिशवी जमिनीवरून मीटरभर उचलण्यास जेवढे काम लागते, जवळपास तेवढ्याच कामात अशा जेलात एक चौरस मीटरची फट पाडता येईल. याहून सोपी दुसरी एक परीक्षा आहे. पट्टी मधोमध अर्धवट फाडून दोन पाय तयार करावयाचे व ते विरुद्ध दिशांना ओढावयाचे. इंग्रजीत तिला पाटलोणीचे नाव आहे, मराठीत ‘विजार-चाचणी’ म्हणावयास हरकत नसावी. फट एक सेंटिमीटर वाढली की दोन्ही पाय मिळून दोन सेंटिमीटर सरकतात. म्हणून पाय स्वतः फारसे ताणले जात नसतील तर ओढीच्या बलाची दुप्पट करून तिला जाडीने भागले की उत्तर मिळते.

कागदावर सोपी असलेली ही कृती मृदू जेलावर करू गेले म्हणजे अडचणी सुरू होतात, आणि त्या अडचणींतही परिभाषेचा संबंध पुन्हा येतो. पकड ढिली ठेवली तर ओले जेल निसटते, आवळली तर पकडीतच चिरडते. प्रयोग लांबला तर पाणी उडून जाते व प्रयोगाच्या शेवटी हातात असलेला पदार्थ आरंभीचा राहत नाही. अतिमृदू पट्टी तर स्वतःच्या भारानेच लोंबते. याहून गंभीर गोष्ट वेगाची. बाउमबेर्गर, कारोली आणि मार्तिना यांनी २००६ साली जिलेटिनवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की फट जितकी वेगाने जाते तितकी अधिक ऊर्जा लागते, आणि या वाढीचे प्रमाण जाळ्यातील द्रवाच्या दाटपणावर अवलंबून असते. पाण्यात ग्लिसरीन मिसळून द्रव दाट केला की फट मंदावते. कारण जिलेटिनच्या साखळ्या तेथे तुटत नाहीत. जाळ्यातून ओढून बाहेर काढल्या जातात, आणि द्रवातून ओढताना घर्षण होते. याचा अर्थ असा, की ‘या जेलाचा चिवटपणा अमुक आहे’ हे विधान वेगाचा व द्रवाचा उल्लेख केल्याशिवाय अपुरे आहे. ‘-पणा’ हा प्रत्यय वस्तूच्या अंगी कायमचा वसणारा धर्म सुचवितो. गोडपणा, मोठेपणा, चिवटपणा ही नामे ऐकताना तो धर्म वस्तूत आहे, परिस्थितीत नाही, असे वाटते. म्हणून गुणाचे नाव ‘चिवटपणा’ आणि मोजलेल्या राशीचे नाव ‘भंगऊर्जा’ अशी दोन नामे वेगळी ठेवणे इष्ट होय. भंगऊर्जेला वेग, तापमान आणि द्रव यांची विशेषणे लावता येतात. चिवटपणाला ती लावली तर कानाला खटकतात.

दोन नामांची गरज संशोधनाच्या इतिहासावरूनही दिसते. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात ज्यान पिंग गोंग व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली दुहेरी जाळ्याचे जेल जाहीर केले. एक जाळे आखूड, ताणलेल्या व सहज तुटणाऱ्या साखळ्यांचे. दुसरे लांब, सैल साखळ्यांचे. सुमारे ९० टक्के पाणी असूनही या जेलाने दाबाखाली १७ मेगापास्कलपर्यंतचे प्रतिबल सोसले. त्या निबंधाच्या शीर्षकात शब्द होता तो ‘स्ट्रेंग्थ’. भंगऊर्जा स्वतंत्रपणे मोजण्याचे काम त्याच गटाने २००५ मध्ये केले, आणि ती शंभर ते हजार ज्यूल प्रति चौरस मीटर या पल्ल्यात आली. २०१२ साली हार्वर्डमधील गटाने अल्जिनेट व पॉलिअॅक्रिलामाइड यांचे मिश्र जेल प्रसिद्ध केले. ते मूळ लांबीच्या वीसपट ताणले जाते, त्याची भंगऊर्जा ९,००० ज्यूल प्रति चौरस मीटरच्या घरात आहे, आणि तरीही त्याचा ताठपणा अवघा २९ किलोपास्कल, म्हणजे ते पक्क्या अर्थाने मऊ आहे. या निबंधाच्या शीर्षकात ‘स्ट्रेंग्थ’ नाही, ‘टफ’ आहे. नऊ वर्षांत इंग्रजी लेखकांनी आपला शब्द बदलला तो अभिरुचीमुळे नव्हे. मोजावयाची वस्तू कोणती हे स्पष्ट झाले म्हणून. दुबळ्या जाळ्याने आधी तुटून ऊर्जा खर्ची घालावयाची आणि दुसऱ्या जाळ्याने वस्तू एकत्र धरून ठेवावयाची, ही त्या जेलांमागील युक्ती आहे. ‘मऊ पण चिवट’ हे मराठी वाक्य तेथे पदार्थरूपाने उभे राहिले.

महाराष्ट्रात या विषयाचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालेले आहे. १९५० साली स्थापन झालेल्या या संस्थेत पाणी शोषणाऱ्या ‘जलशक्ती’ नावाच्या बहुवारिकाचे संशोधन १९८० च्या दशकात झाले. पुढे २००६ साली शायनी वर्गीस, आशिष लेले व रघुनाथ माशेलकर यांनी धातूंच्या आयनांच्या साहाय्याने तुटलेले जेल पुन्हा सांधले जाते असे दाखविले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनेही कोरडवाहू शेतीसाठी ‘पूसा हायड्रोजेल’ तयार केले आहे. (नामसादृश्यावरून गैरसमज होऊ नये म्हणून सांगावयाचे, की हे ‘पूसा’ नाव संस्थेचे मूळ ठिकाण असलेल्या बिहारमधील गावाचे आहे. पूस नदीकाठच्या पुसदचा त्याच्याशी संबंध नाही.) कापसाखालची बरीचशी जमीन पावसावर अवलंबून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात अशा पदार्थाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. या पदार्थाबद्दल सामान्यतः दिला जातो तो आकडा शोषणाचा: शुद्ध पाण्यात आपल्या वजनाच्या किमान ३५० पट. परंतु जमिनीत शुद्ध पाणी नसते आणि फुगणाऱ्या कणावर मातीचा भार असतो. कण जितका फुगेल तितके त्याचे जाळे विरळ होते आणि मऊपणाबरोबर फाटण्याचा धोकाही वाढतो. भाराखालील शोषण ही वेगळी परीक्षा आहे, फुगलेल्या कणाची भंगऊर्जा ही त्याहून वेगळी. शेतकऱ्याने ‘हे टिकेल का?’ असे विचारले आणि उत्तर म्हणून त्याला शोषणाचा आकडा मिळाला, तर फसवणूक कोणी केली नसली तरी तो फसतोच. ‘टिकणे’ या क्रियापदात ताठपणा, बल व चिवटपणा हे तिन्ही दडलेले आहेत; त्यांपैकी कोणते विचारले जात आहे हे उत्तर देणाराला कळले पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्याजवळ तीन शब्द असले पाहिजेत.

असे शब्द घडविण्याचे प्रयत्न या प्रदेशाला अपरिचित नाहीत. यवतमाळ जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर असतानाच, १९५५ साली, डॉ. रघुवीर यांचा इंग्रजी-हिंदी कोश तेथून प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाने आपला परिभाषासंग्रह १९७३ साली, पहिल्या खंडाच्याही आधी प्रसिद्ध केला. या परंपरेचे ऋण मान्य करूनही एक आक्षेप नोंदविला पाहिजे. संस्कृत धातूला उपसर्ग-प्रत्यय लावून शब्दांचे कुटुंब उभारण्याच्या पद्धतीत प्रत्येक शब्द आपल्या इंग्रजी जोडीदाराशी तपासला जातो, शेजारच्या मराठी शब्दाशी क्वचितच तपासला जातो. ‘स्थितिस्थापकता’ हे याचे ठळक उदाहरण. पोलाद रबरापेक्षा अधिक स्थितिस्थापक आहे, हे वाक्य विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतो आणि मनात त्यावर विश्वास ठेवीत नाही. दोष त्याच्या बुद्धीचा नाही. ताणास होणारा विरोध आणि ताण काढल्यावर पूर्ववत् होणे या दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्या गेल्या आहेत. ‘विकृती’ हा शब्दही ताणाने झालेल्या आकारबदलास वापरला जातो. तो ऐकताना रोगाची आठवण होते, हे मात्र क्षम्य आहे, कारण तेथे दुसऱ्या एखाद्या राशीशी घोटाळा होत नाही.

वरील विवेचनावरून सुचणारी व्यवस्था अशी: चढासाठी ‘ताठपणा’, शिखरासाठी ‘भंगबल’, फटीच्या विरोधासाठी ‘चिवटपणा’, आणि त्याच्या मोजलेल्या राशीसाठी ‘भंगऊर्जा’. घनमीटरावर मोजलेल्या कामास ‘चिवटपणा’ हे नाव मुळीच देऊ नये. त्यास ‘भंगापर्यंतचे काम’ म्हणावे. या व्यवस्थेवर आक्षेप येऊ शकतील, आणि त्यांतील एक वजनदार आहे. ‘ताठपणा’ला माणसाच्या अहंकाराचा वास आहे, आणि जेलासारख्या लिबलिबीत वस्तूचा ‘ताठपणा’ मोजला असे म्हणताना वाचक हसेल. त्याने हसावे, मात्र हसण्याआधी त्याला अर्थ कळलेला असेल. ‘स्थितिस्थापकता-गुणांक’ वाचून कोणी हसत नाही, यात समाधान मानण्याजोगे फारसे काही नाही.

बोलीतील एक शब्द या व्यवस्थेत अजून बसत नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची ‘विरी जाते’ असे महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत म्हणतात. अशा पिठाची भाकरी थापताना कडेने भेगाळते आणि उचलताना तुटते. उपाय म्हणून उकळत्या पाण्यात पीठ भिजवितात, कारण उष्णतेने फुगलेले पिष्ट चिकट होऊन पिठाचे कण पुन्हा एकत्र धरते. ज्वारीत गव्हासारखे ताणले जाणारे प्रथिनांचे जाळे नसल्यामुळे तिचा सारा भरवसा या पिष्टावर असतो. विरी म्हणजे ताठपणा नव्हे, हे उघड आहे. विरी गेलेला गोळा हाताला पुरेसा घट्ट लागतो. ती चिकटपणा आहे की चिवटपणा, हे वाक्यांच्या परीक्षेने ठरत नाही; कारण ‘विरी’ला मराठीत विरोधी शब्दच नाही. ती असते किंवा जाते. नव्या व जुन्या पिठाच्या, सारख्याच पाण्यात भिजविलेल्या दोन दोन पट्ट्या, एक अखंड व एक चिरेची, घेऊन भंगऊर्जा काढली आणि तिच्या शेजारी त्याच गोळ्यांचा ताठपणा मांडला, तर हा शब्द कोणत्या अक्षावर उभा आहे ते दिसेल. त्यासाठी लागणारी ज्वारी पुसदच्या आठवडी बाजारात मिळते. जुने पीठ मात्र पावसाळ्यापर्यंत डब्यात ठेवून तयार करावे लागेल.